चवदार तळ्याच्या वहीतलं कोरं पान

म्हसळा, २४ मार्च

प्रिय रामचंद्र यास,

भागोजी मास्तराचा जय भीम. तुझा रामराम आधीच पोचला असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? उरणला थोरल्या लेकाच्या चौथ्या मजल्यावरून दिवसभर कंटेनरच्या गाड्या बघत बसतोस, असं तुझा धाकटा परेश सांगत होता. बघ, पण थोडं चालतही जा. पत्र अशासाठी, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तर झालं असं. आमच्या अंगणवाडीच्या सुचिताताईंनी विचारलं, वीस मार्चला पोरांना महाडचं चवदार तळं सांगाल का, पण चित्रांतून, भाषण नको. (शेवटचे दोन शब्द मी ऐकले नाहीत.) अडतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला चार-पाच वर्षांची पोरं काय जड, म्हणून मी चित्रकलेची वही आणून स्वतःच पुस्तक काढलं. सत्तावीस सालची माणसं, तळं, ओंजळी. माणसं बरी जमली, तळं मात्र तव्यावरच्या घावनासारखं आलं. माझ्या नातीनं, दीक्षानं, त्यात चार बेडूक घालून ते सुधारलं.

पोरांनी मन लावून ऐकलं. शंका एवढीच, की लोकांनी घरून बाटली का नाय आणली. गुरांना पाणी चालतं आणि माणसांना बंदी, या पानावर मात्र सगळी पुढे सरकून बसली. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण जीभ सैल सुटली आणि म्हणालो, पाणी सगळ्यांचं असतं, कुणी अडवलं तर रांगेनं जायचं आणि प्यायचं. आता ताईंचा नियम असा, की खिचडी वाढून होईपर्यंत फिल्टरला हात लावायचा नाही, कारण पोरं पितात कमी आणि सांडतात जास्त. पाच मिनिटांत दीक्षा आणि परेशचा ओंकार पुढे, मागे एकोणीस पोरं, अशी रांग (ताईंना ती वर्षभरात जमली नव्हती) फिल्टरपाशी गेली आणि ओंजळीनं पाणी प्याली. ताई आडव्या आल्या, तर तुझा नातू शांतपणे म्हणाला, "ताई, तू पण पी. सगल्यांचा हाय." ताई रागावल्या त्या माझ्यावर. फरशी मी पुसली.

मग पोरं पुन्हा गोळा झाली. ओंकार हक्कानं माझ्या मांडीवर बसला (वजनानं तुझ्यावर गेलाय). दीक्षानं विचारलं, "आजोबा, तुला कोणी अडवला व्हता का?" मी हो म्हणालो. "कोणी?" ओंकारनंही मान वर करून बघितलं. रामचंद्र, मी त्या पोरांशी खोटं बोललो. म्हटलं, लांबच्या गावातल्या माणसांनी. त्यावर दीक्षा म्हणाली, "मग ता चित्र काढ."

बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार.

तुझा,
भागोजी

ता.क. वरचं सगळं लिहिलं ते एका पानासाठी. वहीत एक पान कोरं आहे. त्यावर तुमच्या घराची ओटी यायला हवी, पायरीखाली सात वर्षांचा मी, आणि वरून पाणी ओतणारी तुझी आई. तुला विचारल्याशिवाय काढणार नाही. आणि काढलं, तर ओंकारला ते तू येऊन सांगावंस. माझ्या तोंडून ऐकलं तर त्याला वाटेल, मी त्याच्या पणजीची तक्रार करतोय.

आणखी ता.क. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. इतक्या वर्षांची दोस्ती एका पानासाठी जायची नाही. फक्त दीक्षा रोज वही उघडून बघते.

शेवटचं ता.क. पान कोरं राहायला माझंही एक कारण आहे. माझ्या ओंजळीत पाणी ओतताना तुझी आई दर वेळी दुसरीकडे बघायची. तेव्हा वाटायचं, तिला मी आवडत नाही. आता सत्तरीत वाटतं, तिला लाज वाटत असावी. तू तिचा मुलगा, तुला ठाऊक असेल. तिचं तोंड कुठल्या बाजूला काढू, तेवढं येऊन सांग.