शेठचा नारळ

ता. ३ फेब्रु. १९३८
आज शेठच्या कारखान्यात गेलतो. पंधरा माग. खडखडाटात माझं बोलणं कुणाला ऐकू आलं न्हाय, बरंच झालं. "विणून दाखव," म्हणाले. आप्पांचा कुयरीचा काठ काढला. शेठनी नारळ-विडा हातात दिला. काम पक्कं. सोमवारपासनं.

ता. ४
आप्पांचा खोकला तसाच. घरचा माग बंदच. मी फारसं बोलत न्हाय, म्हणून आक्का म्हणली, "मुकं पोरगं कमवाय लागलं की गं बाई!" आई हसली. लई दिवसांनी.

ता. ५
मुनीमानं कागदावर सही कराय बोलवलं. चौथीतनं शाळा सुटली, पण वाचाय येतंय. त्यात लिवलेलं, काम सोडलं तर पाच वर्सं आमच्या शहापूर-वडगावात कुठंच विणायचं न्हाय.
इचारलं, "घरच्या मागावर?"
मुनीम म्हणाला, "तुझं घर काय शहापूर सोडून लांब लोंढ्याला हाय रं?"
सगळी हसली. सही न करताच आलो. शेठ समोरच हुते. पायताण घालून भाईर पडलो.

आप्पांना सांगितलं. म्हणाले, "माझ्या माघारी ह्या मागावर कोण?" आणि, "तुझं तू बघ."

ता. ६
न्हाय म्हणायचं. आमच्यात रीत हाय, काम नको तर कामावर बसायच्या आधी तोच नारळ परत द्यायचा. फोडला तर काम घेतलं.
देव्हाऱ्यात बघतोय तर नारळ न्हाय. आक्कानं वड्या केल्या, आप्पांना गोड म्हणून. "मला काय ठावं रं..." रडाय लागली. एक वडी म्या पण खाल्लेली.

ता. ७, सोमवार
बाजारातनं दुसरा नारळ नेला. शेठनी फिरवून बघितला.
"ह्यो माझा न्हवं. माझ्या नारळाला तांबडं सूत असतंय."
"घरात फोडला. पण काम नको." माझाच आवाज. माग थांबवून सगळी बघाय लागली.
"बरं. जा, विण घरात. सूत कोण देतंय बघू."
नारळ माझ्याच हातात ठेवला.

ता. ९
सूतवाल्या काकांकडं गेलतो. खाली बघून म्हणाले, "शेठचा निरोप आलाय रं बाळा. घरात हाय तेवढं विण."
घरात एका लुगड्यापुरता ताणा.

ता. ११
आप्पा भिंतीला टेकून बसलेत, काठ सांगत्यात. मी विणतोय. बाजारचा नारळ देव्हाऱ्यात. आक्का इचारती, फोडू काय. आई म्हणती राहू दे.
दुपारी आप्पा म्हणाले, "हात का थांबतोय रं?"
थांबत न्हाय आप्पा. सावकाश विणतोय. पदर आला की लुगडं संपलं, आणि घरातलं सूत पण.