हाजेपोच्या चिखलातला जीव

मी, ब्योन ओक्सुन, वय ७४, निवृत्त जिवाणूशास्त्रज्ञ, राहणार गुन्सान, स्मृती व बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वहस्ते हे लिहून ठेवते.

१. माझा सूक्ष्मदर्शक माझा विद्यार्थी प्यो सन्ग्यू यास द्यावा. मी शोधलेला जिवाणू मी चुकीच्या प्रजातीत घातला, हे यानेच सिद्ध केले. नियमाप्रमाणे प्रजातीचे नाव, म्हणजे जिवाणूच्या जोडनावातला पहिला शब्द, बदलले; नाव देणारी म्हणून माझे नाव कंसात गेले. वर्षभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. मात्र जातीचे नाव, म्हणजे दुसरा शब्द, त्यालाही बदलता आले नाही, कारण नियमच तसा आहे. ते नाव 'हाजेपोएन्सिस', म्हणजे हाजेपो गावचा.

हाजेपोच्या खाडीत माझी थोरली बहीण माल्लेताई ओहोटीला चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढी. तिने दाखवलेल्या जागच्या चिखलातच हा जिवाणू मिळाला. त्याला तिचे नाव देणार म्हटल्यावर ती उखडली.

"जंतूला माझं नाव? उद्या कुणाचं पोट बिघडलं तर मलाच शिव्या घालतील! गावाचं दे की."

पुढे समुद्राला बांध घातला गेला. खाडी सुकली, तिसऱ्या तोंड उघडून मेल्या, गाव उठले.

२. राहते घर ताईचा मुलगा चू ग्वांगिल यास द्यावे. तो नको म्हणेल. तरी द्यावे.

बांधासाठी दगडाचा ट्रक तोच चालवत होता. ताईने त्याच्याशी बोलणे टाकले. इस्पितळात तो भेटायला आला, तेव्हाही ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "वाळलाय गं. जेवतो का नाही, विचार त्याला."

मी धावत खाली गेले. ट्रक निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी ताई गेली.

अंत्यविधीच्या वेळी मी ग्वांगिलला हे सांगितले. तो म्हणाला, "मावशी, मला बरं वाटावं म्हणून रचू नकोस."

ग्वांगिल, तुझी आई हेच शब्द बोलली. मृत्युपत्रात मी खोटे कशाला लिहू?

३. तो जिवाणू संवर्धन केंद्रात गोठवून जिवंत ठेवला आहे. सन्ग्यूने ग्वांगिलला तिथे न्यावे व काचेखाली दाखवावा. शास्त्र समजावत बसू नये. त्या खाडीतले जिवंत असे तेवढेच उरले आहे.

४. माझी रक्षा हाजेपोला नेऊ नये. भरतीचे पाणी आता तिथवर येत नाही.

सही व शिक्का: ब्योन ओक्सुन

समक्ष: कुम जोंगनाम (शेजारीण), मा योंगहा (निवृत्त टपाल कर्मचारी)

गुन्सान, १४ नोव्हेंबर २०१९