खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

आबा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्यावर कधी चिडलो नाही, तो यंदा खंडेनवमीला चिडलो. खरं सांगायचं तर चिडायला दुसरं कोणी सापडलं नाही म्हणून तुम्ही. तुमची जुनी गाडी मी अजून विकलेली नाही. पोरं म्हणतात भंगारात घाला, मी म्हणतो आमच्या आबांनी हिचं इंजिन दोनदा उतरवून बांधलंय, हिला काही होत नाही. पाहुण्यारावळ्यांत तर मी असंही सांगतो की आबांच्या हाताखाली सगळं शिकलोय, घरची गाडी घरीच दुरुस्त करतो. तुम्ही ऐकलं असतं तर तोंडातली तंबाखू थुंकून हसला असतात.

त्या दिवशी सकाळी मी दारात गाडी धुवायला घेतली. तुम्ही खंडेनवमीला इंजिनावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाहीत. रॉकेलचं फडकं घेऊन कोपऱ्याकोपऱ्यातलं काळं काढत बसायचात, आणि मी बादली घेऊन आलो की ओरडायचात, "इंजिन हाय ते, म्हस न्हवं धुवायला." आता रॉकेल कुठलं मिळतंय, आणि तेवढा धीरही कुठला. मी बॉनेट उघडलं आणि सरळ पाइप सोडला. इंजिन चकाचक झालं. मग गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, तुमचे पाने आणि पक्कड पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. साडेदहाला बिद्रीहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, आई पाणी बी घेईना. सारखं आक्काचं नाव काढाय लागलीया. लगेच निघा." सासूबाई महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यामुळे याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. तुमची सून पाच मिनिटांत पिशवी भरून दारात आली. मी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही लागेना.

समोरचे डेअरीवाले आवाज ऐकून बाहेर येतात. त्यांच्याही गाडीला हार घातलेला आहे, तरी हातात किल्ली घेऊन येतात. "ही घ्या आनी जावा. तुमची गाडी काय पळून जातीया व्हय?" मी म्हणतो, "दहा मिनिटं द्या, घरचंच काम हाय." तुमची सून म्हणते, "अहो, जाऊया की त्यांच्या गाडीनं." आणि मी तिच्याकडे न बघता म्हणतो, "हिचं दुखणं मला ठाऊक हाय." मग पाटावरचे पाने उचलतो. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हा तुमचा नियम. त्या दिवशी तुम्ही गॅरेजच्या दारात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा चहा पाजून परत लावायचात. मला वाटलं, बायकोसाठी केवढी मोठी गोष्ट करतोय मी.

प्लग काढले तर ते पेट्रोलनं ओले. म्हटलं, पेट्रोल जास्त येतंय. कार्बोरेटर उघडला, फुंकला, पुसला, परत बसवला. गाडी लागली नाही. परत उघडला. "गाडी लागंना म्हटलं की आधी करंट बघायचा, मग पेट्रोल. उलटं करनारा दिवस घालवतो," हे तुमचं वाक्य मला पाठ आहे, चारचौघांत मी ते ऐकवतोही. पण करंट बघायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते मला येत नव्हतं. तुम्ही शिकवायचात तेव्हा नखांत काळं जाईल म्हणून मी बँकेच्या परीक्षेचं पुस्तक धरून लांब उभा असायचो. हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळून चुकलं होतं, आबा, आणि तरी मी डेअरीवाल्यांना हाक मारली नाही. त्यांचं दार वीस पावलांवर होतं. साडेअकरा वाजले, बारा वाजले. त्यांच्या गाडीनं जाऊया, असं ती आणखी दोनदा म्हणाली, मग पिशवी खाली ठेवून उंबऱ्यात बसली. भावाचा फोन आला तेव्हा म्हणाली, "निघालोय आम्ही, वाटेत हाय." तिला माझी लाज राखायची होती.

पंचगंगेच्या पुरातून ढकलत आणलेली एक गाडी एकदा तुमच्याकडं आली होती. तुम्ही कशाची तरी टोपी काढून शर्टाच्या टोकानं आतून पुसलीत, परत बसवलीत आणि गाडी लागली. "बघितलंस न्हवं?" तुम्ही विचारलंत. मी बघितलं म्हणालो, आणि बघितलं नव्हतं. ते पावणेएकला आठवलं. ज्या टोपीत प्लगच्या सगळ्या वायरी जातात तिच्या दोन क्लिपा सोडवल्या. आत पाणी साठलेलं होतं, माझ्याच पाइपचं. पुसायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बॅटरीत जेमतेम जीव होता, पण किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं.

मी "लागलं" म्हणून ओरडलो आणि हसत मागे वळलो. ती उंबऱ्यात फोन कानाला लावून उभी होती. फोन खाली घेतला आणि म्हणाली, "गेली." मग पिशवी उचलून गाडीत येऊन बसली. बिद्रीपर्यंत इंजिन एकदाही अडखळलं नाही. दिवसकार्याला ती सगळ्यांना सांगत होती, "गाडीच बिघडली ऐनवेळी. ह्यांनी लई धडपड केली." मी तिथं मान खाली घालून बसलो होतो आणि लोक माझी समजूत काढत होते. ती मला एका शब्दानं बोलत नाही. बोलली असती, भांडली असती, तर मी तिचे पाय धरले असते. आता रोज ती वाढते आणि मी तिच्यासमोर बसून जेवतो.

पाइपचं मी तिला सांगितलेलं नाही. हा कागद तुम्हाला पोचायचा नाही आणि तिला दाखवायची माझी छाती नाही, तेव्हा लिहून झाला की फाडेन. पण एक गोष्ट फाडायच्या आधी कुठंतरी लिहायला हवी. तिनं "गेली" म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं होतं, आबा. आणि ते ऐकूनही आणखी थोडा वेळ मी आनंदात होतो, इंजिनचा आवाज ऐकत.