निवडक सोळा

४ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं का? आत आईचा अल्बम आहे, ‘निवडक सोळा’. मागच्या बाजूला तळाशी ‘गाण्यांची निवड : गायिकेची कन्या’ असं छापलंय. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी लोकांना सगळ्यात खालची ओळ वाचायला लावते आणि माझी स्वतःची ओळ मेल्यांनी मुंगीएवढी छापली. तू भिंग घेऊनच बस.

आई जाऊन वर्ष व्हायच्या आत अल्बम काढायचा, असं रेकॉर्ड कंपनीचं चाललं होतं. निवड मी करावी असं त्यांनीच सुचवलं. सगळा हिवाळा त्यात गेला. दुकानातून आलं की हातपाय धुवायचे आणि रेकॉर्ड लावायची, दुसरं काही सुचतच नव्हतं. लोकांना आवडलाय म्हणे. दुकानात येणाऱ्या बायका माझे हात हातात घेऊन रडतात, आणि मग मला त्यांचा नंबर तपासावा लागतो.

आता मुद्द्याचं. साप्ताहिकात इतकी वर्षं तू सगळ्यांची सालटी काढलीस, पण आईवर एक ओळ लिहिली नाहीस. सख्ख्या बहिणीवर लिहायचं नाही, हा तुझा नियम. आता ती नाही, तेव्हा नियमही नाही. या अल्बमवर तू लिही. परक्याच्या रेकॉर्डवर लिहितोस तसं लिही. बाकीच्यांचं कौतुक मी ऐकून सोडून देते, पण तू बरं म्हणालास तर मी आईसाठी एक तरी गोष्ट धड केली असं मला वाटेल.

मामीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने उतरून भांडायला येऊ नकोस, फोनवर भांड.

लोभ आहेच, त्यात भर पडावी.
तुझी,
ठकू

१२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अल्बम पोचला. कव्हर देखणं आहे. ताईचा तो पांढऱ्या बाह्यांचा फोटो तू कुठून शोधलास? मामीने तो फडताळावर उभा करून ठेवलाय आणि येताजाता त्याच्याशी बोलते. गुडघा तसाच आहे, तोंड ठणठणीत आहे.

माझी पद्धत तुला माहीत आहे. नवी रेकॉर्ड आली की पहिल्यांदा मी ती स्वयंपाकघरात बसून, मधलं दार लोटून ऐकतो. शब्द कळेनासे झाले की आवाज कळतो. मग समोर बसून ऐकतो, आणि शेवटी पियानोवर बोट ठेवत ठेवत. तुझा अल्बम तिन्ही प्रकारे ऐकून झालाय आणि आठवडाभर मी पेन उचलायचं टाळतोय. मामी म्हणाली की पोरीला ताटकळत ठेवण्यापेक्षा एकदाचं सांगून टाक. म्हणून छापायच्या आधी तुला सांगतो.

ठकू, ही निवड अर्धीच आहे. सोळाच्या सोळा गाणी ताईच्या पहिल्या दहा वर्षांतली आहेत. सगळी चकचकीत, सगळी वरच्या पट्टीतली. ‘आणखी थोडं उंच’ हवंच, त्याशिवाय लोक पैसे परत मागतील. पण पुढची वीस वर्षं कुठे गेली? तिचा आवाज खाली आला, जड झाला, तेव्हा कुठे तिला गाण्यातलं दुःख कळायला लागलं. ‘ओला कोट’ नाही म्हणजे काय? माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं गाणं ते. तुझा अल्बम ऐकून कोणाला वाटेल, ही बाई तिशीतच वारली.

महिनाअखेरीस मजकूर द्यायचा आहे आणि मी हेच लिहिणार. परक्यासारखं लिही म्हणालीस, म्हणून लिहितोय. रागावलीस तर रागाव, पण असं का केलंस ते मला कळव. तुझा कान इतका कच्चा नाही.

आमचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.
तुझा,
मामा

१९ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच वाचलं. मालकांनी मला लवकर घरी पाठवलं, त्यावरून काय ते समज.

गाणी मी कान कच्चा म्हणून नाही सोडली. सोळावं गाणं माझ्या जन्माच्या आदल्या वर्षातलं आहे. मी तिथेच थांबले. तुला माहीत नाही असं म्हणू नकोस, आई चारचौघांत सांगायची. कोणी ‘आणखी थोडं उंच’ची फर्माईश केली की हसायची, माझ्याकडे बोट दाखवायची आणि म्हणायची की तो वरचा सूर या बयेने नेला, बाळंतपणानंतर तो काही परत आला नाही. सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण सगळे हसत होते.

एकदा शाळेतून आल्यावर मी तिला विचारलं की सूर परत यायला काय करावं लागेल. ती म्हणाली, काही नाही, आता तू आहेस ना. हे तिने प्रेमाने म्हटलं की वैतागून, ते मला या वयातही ठरवता येत नाही. शेवटी हॉस्पिटलमध्येसुद्धा नर्सला तिने तीच गोष्ट सांगितली. मी तिचे पाय चेपत होते.

माझ्यामुळे बिघडलेला आवाज मी तिच्या अल्बममध्ये कोणत्या तोंडाने घालू, मामा? मला आईला जुनी आई परत द्यायची होती, मी यायच्या आधीची. धड, न मोडलेली. एवढंच मला येत होतं आणि ते तू अर्धं म्हणतोस.

तू लिहू नकोस. माझी विनंती समज. मी मागितलं ती चूक झाली.

मामीला नमस्कार. राग धरू नये, मीही सोडायचा प्रयत्न करते.
ठकू

२६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मामी पदर डोळ्यांना लावून आत गेली ती जेवायलाच बाहेर आली नाही. ताईची ती थट्टा आम्हीही ऐकली होती. तू ती अशी उरात घेऊन बसली असशील हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात गाळली होती, कारण खात्री नव्हती. पियानोवर अल्बम ऐकताना पहिली तेरा गाणी कुठल्या ना कुठल्या पट्टीत नीट बसली. शेवटची तीन बसेनात. ‘आणखी थोडं उंच’ त्यातलंच. त्याचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. खालची धरली तर गाणं चढं वाटतं, वरची धरली तर उतरलेलं. कुठलाच वाद्यवृंद वाद्यं अशी मधेच लावत नाही. गाणं खाली गाऊन, मग टेप वेगाने फिरवून वर चढवलं तरच असं होतं.

तुझं पत्र आल्यावर मी सरळ त्या वेळच्या रेकॉर्डिस्टला गाठलं. म्हातारा आता लेकाकडे असतो, कान गेलेत, डोकं शाबूत आहे. पाटीवर लिहून विचारलं. तो म्हणाला, बाईंचा वरचा सूर त्याआधीच गेला होता, अतिगाण्याने. त्यांनीच टेप चढवायला लावली आणि बाहेर बोलायचं नाही अशी शपथ घातली. पुढे समारंभात ते गाणं गाता येईना तेव्हा काहीतरी कारण सांगणं भागच होतं.

ठकू, तेव्हा तू पोटातही नव्हतीस. ते कारण तू झालीस, एवढंच.

माझ्या पाठीवरून हात फिरवून मला मोठं करणाऱ्या बहिणीबद्दल हे लिहिताना दोन कागद फाडले. पण ती गेली आणि तू आहेस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तिचा पियानो तुझ्याकडे आहे, स्वतः वाजवून बघ. परीक्षणाचं तू सांगशील तसं. संपादकाला थोडं थांबवलंय.

आम्ही दोघं आहोत, हक्काने ये.
मामा

८ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

लगेच लिहिलं नाही, कारण आधी पियानोलाच दोष दिला. सूर लावणाऱ्याला बोलावून तो नीट करून घेतला. तो गेल्यावर बसले. तू म्हणतोस ते खरं आहे. गाणं कुठेच बसत नाही. खालची पट्टी, वरची पट्टी, बोटं दुखेपर्यंत करून पाहिलं.

मला हायसं वाटायला हवं होतं, नाही का? संतापच आला. तिचं कपाट उघडलं, भांडायला कोणी नव्हतं, कपाट बंद केलं. ती गेली तेव्हा मी रडले नव्हते रे, अपराधी माणसाला रडायचा काय हक्क, असं वाटलं होतं. ते सगळं त्या संध्याकाळी निघालं.

मग ‘ओला कोट’ लावलं. तू सांगितलंस तसं मधलं दार लोटून. मामा, तो घरातला आवाज आहे. त्याच आवाजात ती मला अंघोळीला हाका मारायची, ताप आला की नाव घ्यायची. मी ओळखते तो आवाज तोच, दुसरा मी कधी ऐकलाच नाही. आणि तिला तो लाजिरवाणा वाटत होता. त्यासाठी मी तिला माफ करू शकेन असं आज तरी वाटत नाही.

परीक्षण लिही. माझी भीड धरू नकोस. निवड अर्धी आहे, लेकीला आई कळली नाही, असं स्पष्ट लिही. ‘ओला कोट’वर हवं तेवढं लिही, कोणीतरी लिहायलाच हवं.

टेपचं मात्र लिहू नकोस. त्या म्हाताऱ्यालाही सांग. बायका दुकानात येऊन त्या एका सुरासाठी रडतात, तो तिचाच राहू दे. कोणी विचारलंच, तर सूर मी नेला असं मी सांगेन. मला ते पाठ आहे.

लोभ करायला आता तुम्ही दोघंच उरलात, तो कमी होऊ देऊ नका.
ठकू