मोजल्याशिवाय काढायचं नाही

ता. ३

चि. सौ. भावजयबाईंस अ. उ. आ.

तुझ्या मुली सुखरूप आहेत, भिंतीही उभ्या आहेत. पाऊस उघडायचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी दोघींनी सोफ्याची वाट लावली, दुसऱ्या दिवशी एकमेकींची. मग मी नकाशा कचेरीतली जुनी मोजणीची फीत काढली आणि जाहीर केलं, की हे घर म्हणजे अनोळखी मुलूख आहे, याचा नकाशा अजून कुणी काढलेला नाही. आता थोरली फीत धरते, पिटुकली आकडे ओरडते, मी कागदावर उतरवते. छताची ओल हा समुद्र ठरला आहे. काल तो नीट पाहता यावा म्हणून तिघी जमिनीवर उताण्या पडलो. खिडकीवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या सावल्या त्यावरून सरकत होत्या. चहा उकळून करपला. माझ्या हातून असं होत नाही.

कचेरीचा नियम मात्र इथेही लागू: स्वतः मोजलं नाही ते कागदावर काढायचं नाही.

डॉक्टरांनी पडून राहा म्हटलंय, तर पडून राहा. घाई बाळाला असेल, तुला नको. माझा भाऊ इस्पितळाच्या बाकावर बसून नुसते सुस्कारे टाकत असेल, तर त्याला फळं आणायला पिटाळ. लोभ आहेच; तो वाढावा एवढी विश्रांती घे.

तुझी नणंद

ता. ८

ती. ताईंना सा. न. वि. वि.

काल पुन्हा कळा आल्या आणि थांबल्या. बाळ फार लहान आहे, आत राहील तेवढं बरं, असं डॉक्टर म्हणतात. मुलींना यातलं काही सांगू नका. डोळे मिटले की तुमचा समुद्र दिसतो. मी त्यात तरंगत असते, आणि कुणीतरी काठावरून आकडे ओरडत असतं.

तुमच्या पत्राच्या पाठीवर थोरलीने गुपचूप लिहिलंय, की पिटुकली फीत टाकून पलंगाखाली जाऊन बसली आहे. का, ते लिहिलेलं नाही. तुम्ही रागावलात का? लोभ असावा, थोडा तिच्यावरही.

तुमची भावजय

ता. १२

चि. सौ. भावजयबाईंस अ. उ. आ.

रागावले. तिने नकाशात बाळाची खोली काढली. तुमच्या खोलीला लागून, जिथे भिंत संपते आणि पुढे नुसता पाऊस असतो. मी म्हटलं, मोजलं नाहीस, खोड. तिने विचारलं, मोजलं नाही म्हणजे बाळ येणारच नाही का. मी खोडरबर शोधायला उठले.

तेव्हापासून मुक्काम पलंगाखाली, जेवणसुद्धा तिथेच. आज मीही आत शिरले. गुडघ्यांनी नको ते ऐकवलं. तिथून पाऊस दुसऱ्याच गावात पडतोय असं वाटतं. तिने सरकून जागा दिली. पोरांना गप्प करणं मला येतं, बोलतं करणं नाही.

तेव्हा बाई, ते बाळ आम्हाला मोजायला पाठव. सावकाश पाठव, पण पाठव. त्यावर माझा लोभ आगाऊ.

तुझी नणंद

ता. २७

ती. ताईंना सा. न. वि. वि.

मुलगा झाला. वेळेआधी आला, म्हणून काही दिवस काचेच्या पेटीत होता. कालपासून माझ्या कुशीत आहे. डॉक्टर म्हणाले, आता घोर नाही.

नर्सबाईंकडून दोरा मागून घेतला, बाळाच्या टाळूपासून टाचेपर्यंत धरला आणि कापला. यांनी पहिला दोरा टाचेआधीच कापला, तो वायाच गेला. दुसरा सोबत आहे. पिटुकलीने स्वतः मोजावा. आम्हा तिघांवर लोभ असावा.

तुमची भावजय

ता. ३१

चि. सौ. भावजयबाईंस अ. उ. आ.

दोरा पोचला. पिटुकली पलंगाखालून बाहेर आली, तिने तो मोजला, आणि मी बाळ नकाशाच्या प्रमाणात मांडून दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढं भरलं. ती म्हणाली, साफ चूक. मी प्रमाण म्हणजे काय ते समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग दोरा सरळ नकाशावर अंथरला आणि तेवढंच्या तेवढं बाळ काढलं. त्याचं डोकं स्वयंपाकघरात आहे, पोट तुमच्या खोलीवर, पाय अंगणापार. बाकी कुणाला घरात जागा उरलेली नाही.

असा कागद कचेरीत आला असता तर मी तो उभ्या उभ्या परत धाडला असता. खाली तपासणाऱ्याची सही लागते. ती मी केली आहे.

तिघं घरी या. लोभ समोरासमोर.

तुझी नणंद