फाट्यावरचा बाक

आई, परवा शिरूरच्या एसटी स्टँडवर बंगल्यावाल्या आप्पांची थोरली सून भेटली. तिनंच मला ओळखलं. "तू बाकवालीची पोरगी ना गं?" म्हणाली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि अजून कुणाच्या तरी तोंडी तू बाकवाली आहेस, याचं मला हसू आलं. तिच्याशी बोलता बोलता माझी गाडी निघून गेली. तिनं सांगितलं त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून तुला विचारायचं म्हणून एकेक सुचतंय, आणि विचारायला तू नाहीस.

मुळात तुला हे सुतारकाम शिकवलं कुणी? एमआयडीसी तेव्हा नवीन होती. तू ठेकेदाराकडून एका कंपनीत झाडलोटीला जायचीस. बाहेरच्या देशातून मशीनं यायची ती मोठाल्या लाकडी खोक्यांतून. खोकी फोडली की फळ्या जाळायला जायच्या. सुपरवायझरला विचारून तू त्यातल्या चार-दोन डोक्यावर घेऊन यायचीस. वस्तीतल्या बाकीच्या बायाही आणायच्या, पण त्यांच्या फळ्या चुलीत जायच्या. तू फळी नाकाला लावायचीस. मग मला हाक मारायचीस, "काय लिवलंय बघ ह्याच्यावर. कुठलं झाड हाय?" मी अकरावीला होते, इंग्रजी वाचता यायचं, पण ती भाषा इंग्रजी नसायची. एक छत्री, एक काचेचा पेला आणि वर जाणारे दोन बाण एवढंच मला कळायचं. "छत्री म्हणजे भिजवू नका," मी सांगायचे. तू म्हणायचीस, "आगं पर झाड तर पावसातच वाढलं आसंल की!"

मागं मी दौंडला मामाला विचारलं होतं. तो म्हणाला, "कुणी शिकवलं न्हाई. रेल्वेचा सुतार काम करायचा तिथं ही तासन् तास हुभी ऱ्हायची. त्यो हाकलायचा, ही दुसऱ्या बाजूनं यिऊन बघायची." म्हणजे लहानपणी बघितलेलं तू तीस वर्षं हातात धरून ठेवलंस का? लग्नानंतर इतकी वर्षं कधी बोलली का नाहीस?

बाक करायचं तुझ्या डोक्यात कधी आलं, ते मात्र मला ठाऊक आहे. फाट्यावर लिंबाखाली एसटी थांबायची. बसायला काही नव्हतं. समोरच्या चहाच्या टपरीला बाकडं होतं, पण आपल्या वस्तीतलं कुणी त्यावर बसत नसे. बसू नका असं कुणी म्हणत नव्हतं, आणि बसा असंही कुणी म्हणत नव्हतं. एकदा दिवस भरत आलेली एक बाई दवाखान्यात जायला निघालेली, तासभर जमिनीवर पाय पसरून बसली होती. तू ते बघून घरी आलीस. दुसऱ्या दिवसापासून तू फळ्या निवडायला लागलीस.

पायांना जड लाकूड पाहिजे म्हणून आपण दोघी दौंडला गेलो. रुळाखालचे जुने लाकडी स्लीपर मामानं गोठ्यासाठी घेतले होते, त्यातले दोन तुकडे त्यानं दिले. एसटीत चढवताना कंडक्टर म्हणाला, "बाई, आख्खी रेल्वेच घिऊन चालला का काय?" तू म्हणालीस, "न्हाई, निस्ते पाय." सगळी गाडी हसली. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

अजून दिसतं मला ते अंगण. तू उकिडवी बसून पहारीनं खिळे उपसतेस, मी ते दगडावर ठोकून सरळ करते. रंधा उसना आणलेला. त्यातून निघणाऱ्या सालींना असा वास आहे की शेजारची पोरं उचलून खिशात घालतात. वाळवी लागू नये म्हणून गॅरेजमधून जळकं ऑईल आणलं होतं. "खालनं लाव," तू सांगितलं होतंस. मला उरकायचं होतं, मी वरूनही फासलं. तू आलीस, बोट लावून बघितलंस, आणि मला इतकी बोललीस, की तितकी आधी कधी बोलली नव्हतीस. "बाई बसंल, तिचं लुगडं काळं हुईल. वाट बघत बसलेल्या माणसाला डाग लावती व्हय?" सगळी संध्याकाळ तू ती फळी पुन्हा तासलीस आणि जवसाचं तेल चोळलंस. मला हात लावू दिला नाहीस.

बाक फाट्यावर ठेवला. चौथ्या आठवड्यात तो गेला. कुठं गेला ते शोधावं लागलं नाही, सडकेवरून दिसतच होता. आप्पांच्या बंगल्यापुढं, अंगणात. आप्पा माजी सरपंच. बाबा म्हणाले, "जाऊ दे. त्यांच्याशी वाकडं घिऊन आपलं काय निभायचं?" तू डबा पिशवीत घातलास. "मी भांडायला न्हाई चालले. बसाय चाललीय."

आणि खरंच जाऊन बसलीस. सून सांगत होती, "मी इचारलं, कोण पाहिजे? तर म्हणली, कुणी न्हाई, एसटीची वाट बघतीय." गाडीचा आवाज आला की उठून पळायचीस. पहिल्या दिवशी गाडी चुकली, कामाचा खाडा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. आप्पा आतून बघत होते म्हणे, बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी तू हातोडी घेऊन गेलीस. त्या अंगणाला उतार होता, बाक हलत होता, आणि तू त्याच्या पायाखाली पाचर ठोकत बसलीस. मग मात्र आप्पा बाहेर आले.

"बाई, रोज हितं का येतीस?"

"बाक हितं हाय म्हणून."

"मी काय कुणाचा चोरला न्हाई. बेवारशी पडला व्हता."

"बेवारशी न्हाई, आप्पा. वाट बघणाऱ्यांचा हाय. तुमाला कुठं जायचं आसंल तर फाट्यावर या, बसा की."

सून म्हणाली, आप्पांनी वाकून बाक हलवून बघितला. मग म्हणाले, "मला आसाच एक करून देशील का?" तू म्हणालीस, "देते. पर आधी ह्यो जागंवर जाऊ द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाक फाट्यावर आला.

त्यांचा बाक तू दोन महिने करत होतीस. पलंगाखाली जपून ठेवलेली, सगळ्यांत जास्त वास असलेली लांब फळी तू त्यांच्या बाकाला घातलीस. मी चिडले होते. एक खिळाही सरळ केला नाही. "त्यांना कशाला चांगली?" असं विचारलं, तर म्हणालीस, "फळीनं काय केलंय?" तेव्हा मला तो बावळटपणा वाटला. आता वाटतं, तुला तो बाक त्यांच्यासाठी करायचाच नव्हता. ती फळी बाक झाल्यावर कशी दिसते तेवढंच बघायचं होतं. खरं काय होतं?

बाक पोचवलास त्या दिवसाचं सुनेनं सांगितलं. तू आधी स्वतः बसलीस, हलत नाही ना बघितलंस, आणि मग आप्पांना "बसा" म्हणालीस. ते शेजारी बसले. सुनेनं चहा आणला. मी विचारलं, "कशात?" मी काय विचारतेय ते तिला कळलं. मग म्हणाली, "घरातल्याच कपात.  आप्पांनी बघितलं, आन् आपला कप उचलला." आणि तू? "चहा पिली, आन् आमच्या दाराच्या चौकटीवर हात फिरवून इचारलं, ही सागाची का कशाची?"

रस्ता रुंद झाला तेव्हा लिंबाबरोबर फाट्यावरचा बाक गेला. आप्पांचा अजून आहे, सून म्हणाली, ये बघायला. जाईन. कोणतं झाड ते सांगणारं कुणीतरी बरोबर नेईन.

पण एवढं लांबण लावलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तू आप्पांच्या अंगणात बसत होतीस, त्यातल्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या गाडीत होते. शेजारच्या मैत्रिणीनं खिडकीतून बोट दाखवून विचारलं, "ती तुझी आई हाय ना?" मी बघितलं. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन तू ताठ बसली होतीस. मी म्हणाले, "न्हाई. कोण हाय काय म्हाईत."