एका माणसाचा पाय

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला पत्र लिहावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. जे बोलायचं ते मी आयुष्यभर तुमच्या तोंडावर बोलत आले. पण आज या घरात जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं, तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील. म्हणून तुम्हालाच लिहिते. नीट ऐका आणि मधे बोलू नका.

मी पाय केला. एकटीने. आणि एकटीपुरता!

हसू नका. या शब्दाने आपल्याला पूर्वीच पुरेसं हसवलंय. फर्दापूरच्या हॉटेलात तुम्ही परदेशी पाहुण्यांसाठी हा इंग्रजी 'पाय' करायला शिकलात. मैद्याची खुसखुशीत पारी, आत सफरचंदाचं सारण. घरी ओव्हन आला त्या रविवारी तुम्ही जिन्यातून ओरडलात, "सलीमभाई, आज आमच्याकडं पाय आहे, या!" आणि खालच्या मजल्यावरचे सलीमभाई बकऱ्याच्या पायांचा रस्सा समजून गरम नान घेऊन हजर! टेबलाकडे बघतच राहिले. "भाभी, पाये किधर हैं? ये तो मीठा है!" मग बिचाऱ्यांनी नानला सफरचंदाचं सारण लावून खाल्लं आणि "ये बी चलता" म्हणत दुसरा तुकडा मागितला. तुम्ही हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिलात.

पण माझी एक तक्रार आहे, ती आज ऐकाच. तुमचा पाय नेहमी गल्लीभर पुरेल एवढा. एकदा मी म्हणाले, आपल्या दोघांपुरता लहान करा ना, तर काय म्हणालात? "एका-दोघांचा पाय म्हणजे लंगडा पाय! त्यासाठी कुणी भट्टी तापवतं का?" आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर माझ्या ताटात काय यायचं? मधला ओलसर भाग. कुरकुरीत कड कुणाला मिळायची, हे तुम्हाला कधी दिसलं का हो?

आता तुम्ही नाही, तर तुमचं तेच वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पाचोडहून तुमची बहीण आली होती. ओव्हनवर हात फिरवत म्हणाली, "वहिनी, आता हे कुणासाठी पेटवती? देऊन टाक मिलिंदला. एकटीला काय लागतंय, दोन भाकरी." मिलिंदने लगेच धागा पकडला. "आई, तू बजाजनगरला आमच्याकडं चल, मी आणि सायली आहोत ना. हे घर भाड्यानं देऊ. ओव्हन मी रविवारी येऊन नेतो, सायलीला केक करायला होईल."

पोरगा वाईट नाही. तुमच्यासारखाच आहे. भरपूर प्रेम, आणि विचारायची पद्धत नाही.

मी गप्प बसले. शाळेत शिकवायचे तेव्हा मुली माझ्या रागापेक्षा माझ्या गप्प बसण्याला घाबरायच्या. तुमच्या मुलाला अजून ते समजलेलं नाही. मला राग ओव्हनचा नव्हता. "एकटीसाठी कशाला" याचा होता. एकटी म्हणजे माणूस नाही का? एकटीला दात नाहीत? जीभ नाही?

परवा पहिला प्रयत्न केला आणि फसला. हाताला पोळ्यांची सवय. मैदा रगडून रगडून मळला, वर तेलाचा हात लावला, झाकून मुरवला. पारी अशी निघाली की चपलेला तळ म्हणून लावावी! तुम्ही टाकून दिली असती. मी चावून चावून संपवली. चिवटाला चिवट भेटलं.

आज तशी चूक केली नाही. एका मोठ्या पोळीला लागेल एवढाच मैदा, चिमूटभर मीठ. फ्रिजमधलं घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी भराभर चोळलं. ऑक्टोबरच्या या उन्हात ते थांबतंय थोडंच! मग बर्फाचं पाणी, चमचा-दोन चमचे. मळलं नाही, नुसतं गोळा केलं. फ्रिजमध्ये गार केलं आणि लाटलं. एवढीशी पारी लावायची कशात? तुमच्या फर्दापूरच्या डब्याचं स्टीलचं झाकण काढलं. बेतशीर बसली! आत पेरू. बिया काढलेला, साखर-दालचिनी लावलेला. सफरचंद नाही. मुरडा नाक!

ओव्हन ऐन तापलेला, आणि मिलिंद मोठं खोकं घेऊन दारात.

"आई, हे काय? चालू आहे?"

"हात लावू नको, भाजेल."

"अगं, मी न्यायला आलो होतो."

"माहीत आहे."

"कुणी यायचंय का?"

"आलंय. मी."

तेवढ्यात जिन्यातून हाक आली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. "भाभी, पाय बना क्या?" मी इथूनच ओरडले, "हां, सलीमभाई, मगर एक आदमी का!" "कोई बात नहीं, नान भेजतूं!"

मिलिंद खोक्यावरच बसला. पाय बाहेर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंडातही. "मला?" म्हणाला.

"एका माणसाचा आहे. चहा ठेव."

मी कडेपासून सुरुवात केली. कुर्रर! अहो, कड अशी लागते? आणि हे सगळं तुम्ही गल्लीला वाटत होतात? शेवटचा तुकडा त्याच्यापुढे सरकवावा असं क्षणभर वाटलं. नाही सरकवला. त्याच्यासमोर खाल्ला. त्याने खालून आलेला नान चहात बुडवून खाल्ला.

जाताना खोकं रिकामंच उचललं त्याने. दारात थांबला. "पुढच्या रविवारी येऊ का?"

"ये. सायलीलाही आण. पण सकाळी फोन कर, तेवढ्यांचा लावते. न विचारता आलास तर नुसता चहा."

तो हसला. अगदी तुमच्यासारखा, खांदे हलवत.

तेव्हा शब्द देते. ओव्हन इथेच राहील आणि मीही. माणसं येतील तेवढ्यांची पारी लाटीन. कुणी आलं नाही तर एकीची लाटीन, आणि कड मीच खाईन. लंगडा पाय म्हणालात ना? ओट्याशी उभी असते मी, दोन्ही पायांवर.

तुमची,
सुमन